कळसूबाईच्याही वर

बाबांना सीओपीडी आहे. ऑकलंडला यायचं म्हटल्यावर त्यांनी फोनवर एकच विचारलं, "वर हवा पुरेल ना गं?" मी पोस्टडॉक असले तरी विमानातलं मला काही कळत नाही. म्हणून वाचायला बसले.

विमान चाळीस हजार फुटांवर असलं तरी आतला दाब सहा ते आठ हजार फुटांवरच्या हवेइतका ठेवतात. कळसूबाई ५४०० फूट, म्हणजे आपण बसल्या जागी तिच्याही वर! आठ हजारांवर दाब समुद्रसपाटीच्या पाऊणपट. बहुतेक विमानांत इंजिनातली दाबलेली हवा गार करून आत सोडतात आणि मागची एक झडप कमीजास्त उघडून बाहेर जाऊ देतात. पंक्चर ट्यूबमध्ये सतत पंप मारत राहावं, तसं.

२० सप्टेंबर २०१८ला मुंबई-जयपूर विमानात ही हवा आत घेण्याचा स्विच लावायचा राहिला. तीसहून अधिक प्रवाशांना त्रास झाला, काहींच्या नाकाकानांतून रक्त आलं, विमान मुंबईला परतलं. हे मी बाबांना सांगितलं नाही. त्यांनी ते तेव्हाच पेपरात वाचलं होतं.

पण बाबांचा प्रश्न स्विचचा नव्हताच. सगळं नीट चाललं तरी उरणारा तो पाऊणपट दाब त्यांच्या फुप्फुसांना झेपणार नव्हता. डॉक्टर म्हणाले, वाटभर ऑक्सिजन लावावा लागेल, विमान कंपनीला आधी कळवा. मी फॉर्म भरून पाठवला. बाबांनी सही केली नाही.

"कळसूबाई तरुणपणी चढलोय मी. आता तूच खाली ये."

डिसेंबरचं तिकीट काढलंय.