यीवूतलं बिऱ्हाड

आमच्या कल्याणच्या मोहल्ल्यात ‘परदेशात आहे’ म्हटलं की पुढचं विचारावं लागत नाही. सौदी, कुवेत, दुबई, नाहीतर मस्कत. आणि हे ‘आहे’ एकवचनी असतं. नवरा तिकडे, बायको-मुलं इकडे. १९७३ नंतर तेलाचे भाव वाढले, आखातात बांधकामं सुरू झाली आणि कोकणी मुसलमानांच्या घराघरांतून माणसं निघाली. घरं पक्की झाली, बहिणींची लग्नं झाली, आमच्यासारख्या मुली शिकून बीएड झाल्या. याबद्दल तक्रार करायला तोंड नाही. पण त्या पैशाच्या बदल्यात काय गेलं, हे आमच्या घरात कुणी मोठ्यानं बोललं नव्हतं.

माझी धाकटी बहीण २०१७ साली निकाहनंतर दोन महिन्यांत नवऱ्याबरोबर चीनला गेली. चेजियांग प्रांतातलं यीवू शहर, शांघायपासून सुमारे तीनशे किलोमीटर. मनीष मार्केटात किंवा उल्हासनगरच्या दुकानात तुम्ही जी खेळणी, केसांच्या क्लिपा, दिव्यांच्या माळा घेता, त्यातल्या बऱ्याच तिथल्या घाऊक बाजारातून आलेल्या असतात. माझे मेहुणे इथल्या व्यापाऱ्यांसाठी माल शोधतात, भाव ठरवतात, माल तपासतात आणि कंटेनर भरून रवाना करतात.

बहीण निघाली तेव्हा सगळ्यांचे प्रश्न दोनच होते. खाणार काय? नमाज कुठे पढणार? दोन्हींची उत्तरं सोपी निघाली. यीवूत मोठी मशीद आहे आणि जुम्म्याला तिथे कितीतरी देशांतले व्यापारी एका सफेत उभे राहतात. चीनमध्ये हुई मुसलमान शेकडो वर्षांपासून आहेत. कुठल्याही शहरात हातानं ओढलेल्या नूडल्सचं त्यांचं एखादं दुकान सापडतंच. पाटीवर ‘चिंगझन’ ही दोन अक्षरं दिसली की हलाल, एवढं ओळखता आलं की पोटाचा प्रश्न मिटला. घावन्यांसाठी तांदळाचं पीठ मिळतं, नारळाचं दूध डब्यात मिळतं. कोकम आणि सुकट मात्र कल्याणहूनच न्यावी लागते. सुकटीचं पुडकं किती प्लास्टिकमध्ये गुंडाळलं म्हणजे बॅगेतल्या कपड्यांना वास लागत नाही, यावर आमच्या अम्मीनं पुष्कळ प्रयोग केले आहेत.

अवघड होती ती भाषा. खरेदी करणं आणि विकणं, दोन्हींना चिनीत ‘माय’च म्हणतात, फरक फक्त सुराचा. एकात आवाज खाली जाऊन वर येतो, दुसऱ्यात झपकन खाली उतरतो. ज्या घराचं पोट खरेदी-विक्रीवर चालतं, तिथे एवढीशी चूक महागात पडेल. ती फोनवर वैतागायची. मी तिला सांगितलं, आपल्या उर्दूत जाल, जे, जाद, जोय अशी चार अक्षरं आणि आवाज एकच, म्हणून मुलं लिहिताना रडतात. चिनीत अक्षर बोलायचं एक आणि सूर चार, म्हणून तू बोलताना रडतेस. हिशेब तोच, फक्त उलटा. आणि एक गंमत. मराठीत आपण ‘चोर’ म्हणतो तो च आणि ‘चिंच’ म्हणतो तो च वेगळा. चिनीतही असे दोन गट आहेत. जे उच्चार फक्त उर्दू-हिंदी बोलणाऱ्या तिच्या मैत्रिणींना जमत नव्हते, ते तिला पहिल्या महिन्यात जमले. शाळेतलं मराठी असं कामाला येईल, हे मलाही वाटलं नव्हतं.

तिचा दिवस अगदी साधा. सकाळी भाजीबाजार, दुपारी नवऱ्याची बिलं आणि मालाच्या याद्या जुळवणं, संध्याकाळी दोघांचं एकत्र जेवण. सोबतीच्या व्हिसावर तिला नोकरी करता येत नाही, याची तिला खंत आहे; तीही पदवीधर आहे. शेजारच्या आजीबाई तिला थंड पाणी पिताना पाहिलं की रागावतात आणि कोमट पाण्याचा थर्मास हातात देतात. नवरा-बायकोचं भांडण होतं, कधी मालावरून, कधी मिठावरून. मला ते ऐकून बरं वाटायचं. आमच्या मोहल्ल्यात कितीतरी जोडप्यांना भांडायलाही दोन वर्षं थांबावं लागतं.

डिसेंबर २०१९ मध्ये ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. मेहुणे जानेवारीअखेर, चिनी नववर्षाच्या सुट्टीत येणार होते. तोवर विमानं बंद झाली. फेब्रुवारीत मुलगा झाला. त्याच्या कानात अजान माझ्या अब्बांनी दिली आणि बापानं ती फोनवर ऐकली. मार्चच्या शेवटी चीननं परदेशी लोकांना प्रवेश थांबवला. जूनमध्ये भारतात एकोणसाठ चिनी ॲपवर बंदी आली, त्यात वीचॅटही होतं. व्हॉट्सॲप तिकडे आधीपासून चालत नव्हतं. शेवटी कंपन्यांच्या बैठकांसाठी असलेलं एक ॲप दोन्हीकडे चालतं असं निघालं. रोज रात्री साडेआठला, तिकडच्या अकराला, माझी बहीण नवऱ्याशी ‘मीटिंग’ करायची. अजेंडा एकच, बाळ आज काय शिकलं.

मेहुणे खास विमानानं इकडे येऊ शकले असते. पण परत जायची वाट बंद होती, आणि तिथलं काम बुडालं असतं तर खायचं काय? अशी अडीच वर्षं गेली. मुलगा चालायला लागला, बोलायला लागला. मोबाईलच्या पडद्याला अब्बा म्हणायला लागला.

२०२२ च्या उन्हाळ्यात कुटुंबीयांचे व्हिसा पुन्हा मिळू लागले, आणि घरात खरा वाद तेव्हा झाला. नातेवाईक म्हणाले, आता कशाला जायचं? मुलाला इथे शाळा आहे, मदरसा आहे, नानी आहे. तो तिकडे कमवेल, पैसे पाठवेल. अब्बांचंही तेच मत पडलं. ते स्वतः अठरा वर्षं सौदीत होते, दर दोन वर्षांनी दोन महिने घरी यायचे. ‘आम्ही नाही केला संसार?’ असं त्यांनी विचारलं.

अम्मी तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, ‘अठरा वर्षांत तुम्ही घरात दीड वर्ष होतात. मी मोजलंय. तिला जाऊ दे.’

त्यानंतर कुणी काही बोललं नाही. अब्बाही नाही. ते दोघेही खरं बोलत होते. आमची फी भरली गेली ती त्या साडेसोळा वर्षांमुळे, आणि त्या वर्षांची किंमत अम्मीनं एकटीनं चुकती केली.

त्या रात्री मला सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवले. १९३८ साली काँग्रेसनं जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला पाच डॉक्टर पाठवले, त्यांतले ते एक. आपण त्यांना ओळखतो ते आघाडीवरचे डॉक्टर म्हणून. ख्वाजा अहमद अब्बास यांनी त्यांच्यावर पुस्तक लिहिलं आणि १९४६ मध्ये व्ही. शांताराम यांनी त्यावर सिनेमा काढला. पण मला आठवला तो त्यांचा संसार. तिकडे ते चिनी शिकले, के दिहुआ झाले. २५ नोव्हेंबर १९४१ रोजी त्यांनी परिचारिकांना शिकवणाऱ्या क्वो चिंगलान यांच्याशी लग्न केलं. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. त्याचं नाव यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. ९ डिसेंबर १९४२ रोजी डॉक्टर गेले, वय बत्तीस. मूल साडेतीन महिन्यांचं होतं.

एक वर्ष आणि चौदा दिवस. एवढाच तो संसार. पुढे चिंगलान यांनी दुसरं लग्न केलं, १९६७ मध्ये यिनहुआही ऐन पंचविशीत गेला. तरी त्या पुन्हा पुन्हा भारतात येत राहिल्या, सासरच्या माणसांना भेटत राहिल्या. २०१२ मध्ये त्या वारल्या तोवर, सत्तर वर्षं, हे नातं त्यांनी सोडलं नाही. एका छपराखालचं एक वर्ष इतकं पुरतं. आणि ते नसेल तर अठरा वर्षंही कमी पडतात, हे आमच्या स्वयंपाकघरात कुणीतरी तांदूळ निवडताना सांगतं.

सप्टेंबरमध्ये बहीण मुलाला घेऊन निघाली. सात दिवस हॉटेलात बंद, मग तीन दिवस घरात. मुलगा बापाला पाहून आधी तिच्यामागे लपला. मग त्यानं हात लावून पाहिला.

आता तो शाळेच्या वयाचा झाला आहे आणि घरात पुन्हा तोच विषय निघतो. चिनी शाळेत घातलं तर उर्दू-मराठीचं काय? ही भीती खरी आहे. मी भाषेची शिक्षिका आहे, भाषा किती लवकर सुटते ते रोज पाहते. तरीही माझं मत स्पष्ट आहे. सुटलेली भाषा परत शिकवता येते. बापाबरोबरचं बालपण परत शिकवता येत नाही. ज्यांना नाइलाजानं वेगळं राहावं लागतं, त्यांची गोष्ट वेगळी. त्यांना नावं ठेवायचा हक्क कुणालाच नाही. पण जिथे एकत्र राहणं शक्य आहे, तिथे निव्वळ सवयीनं बायकोला मागे ठेवू नका, एवढंच मला माझ्या माणसांना सांगायचं आहे.

२०२५ च्या ऑक्टोबरपासून भारत-चीन थेट विमानं पुन्हा सुरू झाली आहेत. येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर मी उर्दूचा कायदा आणि मराठीचं बाराखडीचं पुस्तक पाठवलं आहे. दर शनिवारी आमच्या साडेपाचला, म्हणजे त्यांच्या आठला, मी त्याची तासिका घेते. परवा त्यानं विचारलं, ‘खाला, मराठीत माय म्हणजे विकत घेणं की विकणं?’ मी म्हटलं, दोन्ही नाही. माय म्हणजे आई. त्यानं मान वळवून स्वयंपाकघरात हाक मारली, ‘माय!’ आतून दोघांनीही ओ दिली.