दीक्षाभूमीहून चिचोलीला

नागपूरला आलेली माणसे दीक्षाभूमीचे दर्शन घेतात आणि संध्याकाळची गाडी धरतात. आम्हीही इतकी वर्षे तेच केले. यंदा मात्र आजीने हट्ट धरला, "बाबासाहेबांचे कपडे ठेवलेत म्हणे, तिथं न्या मले."

१४ ऑक्टोबर १९५६ ला आजी आठ वर्षांची होती. भंडाऱ्याकडच्या खेड्यातून तिचा बाप तिला खांद्यावर बसवून घेऊन आला होता. महास्थविर चंद्रमणींनी बाबासाहेबांना दीक्षा दिली, मग बाबासाहेबांनी लाखोंना. "मी डोळ्यांनी पाहिलं" हे आजीचे वाक्य ऐकतच आम्ही वाढलो. आज तिथे, २००१ मध्ये खुला झालेला, भव्य स्तूप आहे. आजीने नमस्कार केला आणि लगेच म्हणाली, "चला आता."

काटोल रोडने फेटरीजवळचे चिचोली गाव. दीक्षा सोहळ्यासाठी राबलेल्या वामनराव गोडबोले यांनी इथे शांतिवन उभे केले. बाबासाहेबांचे सचिव नानकचंद रत्तू यांनी जपलेल्या वस्तू इथे आल्या. कोट आहेत, हॅट आहे, आणि एक टाइपरायटर. घटनेचा मसुदा यावरच टंकला गेला, असे सांगतात.

टाइपरायटरपुढे आमचा मुलगा थबकला. "एकट्यानेच लिहिली का घटना?" त्याला खरे तेच सांगितले. २९ ऑगस्ट १९४७ ला नेमलेल्या मसुदा समितीत सात जण होते. पण कोणी राजीनामा दिला, कोणी वारले, कोणी परदेशी, कोणी दिल्लीपासून दूर. अखेर भार बाबासाहेबांवर पडला, असे टी. टी. कृष्णमाचारी यांनी नोव्हेंबर १९४८ मध्ये घटना समितीत सांगितले. तेही मधुमेहाने शरीर पोखरलेले असताना! २६ नोव्हेंबर १९४९ ला ३९५ कलमांची घटना स्वीकारली गेली. मुलाने कलमांचा आकडा वहीत टिपला.

आजी कोटापाशीच उभी होती. किती वेळ, कोण जाणे. आम्ही जवळ गेलो तेव्हा हळूच म्हणाली, "त्या दिवशी मी झोपली होती रे. बापाच्या खांद्यावरच. काहीच दिसलं नाही मले. बाप मरेपर्यंत त्याले सांगितलं नाही, इतक्या दूर चालत आणलं होतं त्यानं."

आम्हाला काय बोलावे सुचेना. नातवाने तिचा हात धरला. तिने काचेला कपाळ टेकवले, पदराने काच पुसली आणि विचारले, "बंद किती वाजता करतात?"