सरांचं देणं

आमच्या घरात देणं म्हणजे मुकादमाची उचल. ती घ्यायची आणि हंगामभर ऊस तोडून फेडायची. माय आणि दादा धारूरच्या डोंगरपट्ट्यातून कारखान्यांवर जायचे, मी आजीजवळ राहायचो. अंबाजोगाईला बीएस्सी करताना माझी परीक्षा फी रसायनशास्त्राच्या सरांनी भरली. पुढं पैसे द्यायला गेलो तर घेतले नाहीत. "इनऑरगॅनिक नीट वाच," एवढंच म्हणाले.

तेच माझं आयुष्य झालं. रुथेनियमच्या आयनाभोवती बायपिरिडीनचे तीन रेणू बसवले की निळ्या उजेडात तो कॉम्प्लेक्स नारिंगी-तांबडा चमकतो. धातूवरचा इलेक्ट्रॉन उजेड पिऊन लिगंडवर, म्हणजे बायपिरिडीनवर, जातो आणि परतताना उजेड देतो, हे सरांनी फळ्यावर काढलं होतं. असा कॉम्प्लेक्स जिवंत पेशीत घातला, तर पेशीची स्वतःची चमक काही नॅनोसेकंदांत विझते, कॉम्प्लेक्सची शेकडो नॅनोसेकंद टिकते. म्हणून किंचित थांबून टिपलं, तर चित्रात फक्त आपण घातलेला उजेड उरतो. 1990 मध्ये जॅकलिन बार्टन आणि सहकाऱ्यांनी दाखवलेला रुथेनियमचा एक कॉम्प्लेक्स तर पाण्यात अंधारा असतो, डीएनएला बिलगला की पेटतो. मात्र जिवंत पेशीच्या केंद्रकापर्यंत पोचणं अवघड. शेफील्डच्या संशोधकांनी 2009 मध्ये दोन रुथेनियम असलेल्या कॉम्प्लेक्सनं ते साधलं.

पुढं प्रबंधासाठी काम करताना माझ्या सूक्ष्मदर्शकाखाली पहिल्यांदा पेशी उजळल्या, तेव्हा मी सरांना फोन केला. सगळं ऐकून त्यांनी विचारलं, "पेशी कुणाच्या?"

हेला पेशी, म्हणालो. हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय अमेरिकन बाईच्या. तंबाखूच्या शेतात राबलेली बाई. 1951 मध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगानं गेली. तिच्या गाठीतल्या पेशी तिला न विचारता घेतल्या, त्या अजून जगभर वाढतायत; घरच्यांना वीसेक वर्षं पत्ता नव्हता.

"मग प्रबंधात तिचं नाव लिही," सर म्हणाले. "माझं राहू दे."

मी दोन्ही लिहिली. इथं मात्र त्यांच्या शब्दाखातर त्यांचं नाव देत नाही.

आमच्या बीड जिल्ह्यातल्या शिक्षकांना एक विनंती आहे. मायबाप तोडीला गेलेलं पोर तुमच्या वर्गात असेल आणि त्याची फी थकली असेल, तर त्याचं नाव पटावरून काढू नका. आधी त्याला बोलावून विचारा.