निरोप योग्य घरी पोहोचावा

पावणे येथील औद्योगिक वसाहतीच्या कडेला राहणाऱ्या एका कुटुंबाच्या भेटीस आम्ही गेलो होतो. घरातील नऊ वर्षांचा मुलगा जमिनीवरून उठताना आधी गुडघ्यांवर, मग मांड्यांवर हात टेकीत उभा राहिला. पोटऱ्या भरदार, पण त्यांत बळ नव्हते. डॉक्टरांनी ‘डुशेन’ हा स्नायूंच्या ऱ्हासाचा आजार सांगितला होता. आईने विचारले, “फादर, ते सोळा कोटींचं इंजेक्शन आमच्या पोराला चालेल का हो?”

सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञान शिकलो, जीवशास्त्र नव्हे. म्हणून त्या दिवशी उत्तर न देता परतलो आणि एका डॉक्टर स्नेह्यापाशी धडे घेतले.

सोळा कोटींचे ते औषध म्हणजे ‘झोल्जेन्स्मा’. २०२१ साली मुंबईतील एका तान्ह्या मुलीला ते लोकवर्गणीतून मिळाले. परंतु तिचा आजार मज्जारज्जूतील चेतापेशींचा होता. डुशेनमध्ये स्नायूंना सावरणारे ‘डिस्ट्रोफिन’ हे प्रथिनच तयार होत नाही. दोन्ही आजारांत जनुकाचा निरोप पेशीपर्यंत नेण्यासाठी वाहक मात्र एकाच कुळातला वापरतात. १९६५ साली शोध लागलेला हा एएव्ही नावाचा विषाणू माणसाला आजारी पाडत असल्याचे आढळलेले नाही. त्याचा स्वतःचा मजकूर काढून आत औषधी जनुक भरतात.

हा निरोप्या फार लहान आहे. त्याच्या झोळीत सुमारे ४,७०० अक्षरे मावतात, तर डिस्ट्रोफिनचा मजकूर ११,००० अक्षरांचा. म्हणून त्याचा संक्षेप पाठवावा लागतो. त्याहून मोठी अडचण पत्त्याची. शिरेतून दिलेले विषाणू मोठ्या संख्येने यकृतात जाऊन उतरतात. सर्वांगाच्या स्नायूंपर्यंत पुरेसे पोहोचावेत म्हणून मात्रा अफाट द्यावी लागते. एक कोटीला एक कोटीने गुणावे, त्याहूनही अधिक विषाणू, आणि तेही दर किलो वजनामागे! अमेरिकेत २०२३ साली मान्यता मिळालेल्या ‘एलेव्हिडिस’ या डुशेनवरील औषधानंतर, चालू न शकणारी दोन मुले यकृत निकामी होऊन दगावल्याचे २०२५ साली जाहीर झाले. पुढे ते औषध चालू शकणाऱ्या रुग्णांपुरते मर्यादित करण्यात आले.

तेव्हा खरा प्रश्न निरोप्याला घर ओळखायला शिकविण्याचा आहे. अमेरिकेतील ब्रॉड इन्स्टिट्यूटमध्ये शरीफ तबेबोर्डबार आणि सहकाऱ्यांनी विषाणूच्या कवचावर अमिनो आम्लांचे निरनिराळे लहान तुकडे जोडून असंख्य प्रकार घडविले, ते उंदरांना टोचले आणि स्नायूंत कोणते पोहोचून कामाला लागले ते निवडले. निवडलेल्या प्रकारांत तीन अमिनो आम्लांची एकच खूण सापडली. ती स्नायुपेशीवरील ‘इंटिग्रिन’ या कडीला नेमकी अडकते. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या या वाहकाचे नाव ‘मायोएएव्ही’. तो उंदरांच्या स्नायूंत दहापटींहून अधिक परिणामकारक ठरला. मात्रा उतरली की यकृतावरचा भार उतरतो आणि कदाचित किंमतही. तबेबोर्डबार यांच्या वडिलांनाच स्नायूंचा आनुवंशिक आजार होता, हे कळल्यावर त्या चिकाटीचे मूळ आम्हाला उमगले.

हे विज्ञान आपल्यापासून फार दूर नाही. पावण्याहून काही किलोमीटरवर रबाळे येथे असलेल्या रिलायन्स लाइफ सायन्सेसने २०२२ साली आयआयटी कानपूरकडून असेच सुधारलेल्या एएव्हीचे तंत्र घेतले. ते डोळ्यांच्या आनुवंशिक आजारांसाठी आहे. स्नायूंची वाट अजून चालायची आहे.

आम्ही पुन्हा त्या घरी गेलो आणि आईला खरे तेच सांगितले. ते इंजेक्शन याच्यासाठी नाही; याच्या आजारावरचे आहे ते आवाक्याबाहेरचे आणि जोखमीचे. दुर्मीळ आजारांच्या राष्ट्रीय धोरणाखाली पन्नास लाखांपर्यंत साहाय्याची तरतूद आहे, परळच्या के. ई. एम. रुग्णालयात त्याचे केंद्र आहे, तेथे नाव नोंदवावे. स्टिरॉइड आणि व्यायाम चुकवू नये, कारण उद्याचे औषध येईपर्यंत आजचे स्नायू टिकले पाहिजेत.

“म्हणजे अजून नाही,” ती म्हणाली. ‘कधीच नाही’ असे तिने म्हटले नाही, आणि आम्हीही नाही.

निघताना मुलगा आम्हाला दारापर्यंत पोहोचवायला आला. तेवढे अंतर तो अजून चालतो.