ड्रम सँडर, उद्यमनगर आणि एक धनुष्य

सुताराचं माप म्हणजे 'सूत'. इंचाचे आठ भाग केले की त्यातला एक भाग एक सूत, म्हणजे साधारण ३.२ मिलिमीटर. "अर्धा सूत इकडंतिकडं चालतंय की" या वाक्याच्या जोरावर आपल्या घरातली कपाटं, दारं, पलंग तयार होतात आणि पिढ्यान् पिढ्या टिकतात. आणि त्याच कोल्हापुरात, शिवाजी उद्यमनगरात, लेथवरचा मेस्त्री मिलिमीटरच्या शंभराव्या भागावरून जॉब नापास करतो. गेले काही वीकेंड मी या दोन मापांच्या मधल्या हद्दीत राहतोय. कारण मला धनुष्य बनवायचंय. धनुष्य लाकडाचं असतं, पण त्याचा स्वभाव लेथवाल्याचा आहे.

आता धनुष्यच का? तर माझी भाची. वय वर्षं चौदा. कोल्हापूर म्हटलं की कुस्ती, फुटबॉल आणि नेमबाजी. २०२४ मध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसला ब्राँझ मिळवल्यापासून तर गल्लीगल्लीत रायफलची चर्चा. पण आमच्या बाईसाहेबांच्या डोक्यात २०२३ चं बर्लिन बसलंय. त्या वर्षी साताऱ्यात सराव करणारी अदिती स्वामी, वय अवघं सतरा, आणि तिथंच तयार झालेला नागपूरचा ओजस देवतळे, दोघंही कंपाउंड प्रकारात जगज्जेते झाले. सातारा आपल्यापासून कितीसं लांब? तेव्हापासून ही पोरगी बांबूचं धनुष्य घेऊन सराव करते. ते धनुष्य आता एका बाजूला पिळलंय, आणि ताईने सांगितलंय की नवीन महागडं काहीही दहावीनंतर. म्हणून घरच्या सरावासाठी मामाने धनुष्य बनवायचं ठरलं. करार करताना तिने एकच प्रश्न विचारला, "मामा, तोंडासमोर तुटलं तर?"

प्रश्न रास्त आहे. ताणलेली दोरी गालाला टेकलेली असते. तेवढ्यात पात्यातली एक पट्टी सुटली तर काय होईल याची कल्पना न केलेली बरी.

तर मंडळी, थोडं गणित. चिकटवलेल्या पट्ट्यांचं धनुष्य ही काही नवी गोष्ट नाही. जपानी लोक बांबू आणि लाकूड एकमेकांना चिकटवून 'युमी' बनवतात, त्याला शतकं झाली. कल्पना सोपी आहे. समजा ३ मिलिमीटरच्या तीन पट्ट्या नुसत्या एकावर एक ठेवून वाकवल्या. प्रत्येक पट्टीचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात, म्हणजे ३ चा घन २७, आणि तिन्ही मिळून ८१. आता त्याच तीन पट्ट्या पक्क्या चिकटवा. आता ती ९ मिलिमीटरची एकच पट्टी झाली. ९ चा घन ७२९. तेवढंच लाकूड, पण नऊपट ताठ! या नऊपटीची सगळी भिस्त चिकटलेल्या पृष्ठभागावर असते. दोन पट्ट्यांमध्ये कुठं खळगा राहिला तर तिथं गोंदाचा जाड थर बसतो आणि धनुष्य तिथूनच उकलायला सुरुवात करतं.

तोच घन उलटाही फिरतो. ९ च्या जागी ९.१ मिलिमीटर झालं तर ताठपणा ३.४ टक्क्यांनी वाढतो. तिन्ही पट्ट्या प्रत्येकी ०.१ ने जाड निघाल्या तर १० टक्क्यांनी. म्हणजे २४ पौंडांचं धनुष्य २६ च्या पुढे. चौदा वर्षांच्या खांद्याला दिवसाच्या शंभर बाणांनंतर हे दोन पौंड बरोबर कळतात. आणि वरचं पातं जाड, खालचं पातळ असं झालं तर विचारूच नका.

हे काम रंध्यावर का नाही? पहिलं कारण म्हणजे पातळ पट्टी. दोन-अडीच मिलिमीटरची पट्टी रंधा मशीनमध्ये घातली तर बऱ्याचदा तिचे तुकडेच बाहेर येतात. दुसरं कारण बांबू. त्याच्या पेरावर धागे आडवेतिडवे फिरतात, पातं तिथं अडकतं आणि ढलपी उचकटून काढतं. काचपेपर उचकटत नाही. तो हजारो बारीक टोकांनी थोडं थोडं खातो. म्हणून ड्रम सँडर. एक फिरणारा रूळ, त्यावर गुंडाळलेला काचपेपर, खाली वरखाली होणारं टेबल. बस्स, एवढंच मशीन.

माझ्यापुढे तीन पर्याय होते. पहिला, बाहेरून येणारा तयार सँडर. हे बहुतेक एका बाजूने उघडे असतात, म्हणजे रूळ एकाच बाजूच्या हाताने धरलेला. फायदा असा की रुळाच्या दुप्पट रुंदीची फळी उलटसुलट करून घासता येते. तोटा असा की मोकळी बाजू दाबाखाली किंचित उचलली जाते. दुसरा पर्याय, फर्निचर कारखान्यातलं मोठं बेल्टचं मशीन. अप्रतिम काम करतं, पण दारांच्या फळ्यांची रांग सोडून माझ्या चार पट्ट्यांसाठी ते कोण थांबवणार? तिसरा पर्याय म्हणजे उद्यमनगर.

पहिल्या पर्यायाबद्दल एक सांगतो, कारण उघड्या रुळाला लोक उगाच घाबरतात. समजा ४०० मिलिमीटरच्या रुळाच्या दोन टोकांत ०.२ चा फरक आहे. माझी पट्टी ४० मिलिमीटर रुंद. म्हणजे तिच्या दोन कडांत फरक पडणार ०.०२. नगण्य. पण एक पट्टी डाव्या टोकाला घासली आणि दुसरी उजव्या, तर दोघींच्या जाडीत जवळजवळ पूर्ण ०.२ चा फरक! म्हणून नियम असा की सगळ्या पट्ट्या रुळाच्या एकाच जागेवरून न्यायच्या. प्रत्येकीच्या डाव्या कडेला पेन्सिलची खूण करायची आणि चिकटवताना एकाआड एक पट्टी फिरवून घ्यायची. मग उरलेला तिरकेपणा एकमेकांत बराचसा जिरतो. मशीन शंभर टक्के खरं असायची गरज नाही. ते दरवेळी सारखंच खोटं बोललं तरी आपलं काम होतं :-)

तरी मी तिसराच पर्याय घेतला. खिसा हे एक कारण, आणि दुसरं म्हणजे मला दोन्ही टोकांना बेअरिंग असलेला रूळ हवा होता. माझ्या कागदावर रूळ एमडीएफच्या चकत्यांचा होता. हौशी लोक जगभर तसाच करतात, आणि तो चांगला चालतो. मेस्त्रींनी कागद हातात घेतला, चष्मा वर केला.

"हे काय बनवालाय?"

"धनुष्याच्या पट्ट्या घासायचं मशीन."

"आन् रूळ लाकडाच्या भुश्शाचा? आपल्याकडं जुलैत दारं लागंनात, आणि ह्यो रूळ गोल ऱ्हाईल व्हय? पाइप घे भावा. कडंला प्लेटा मारू, शाफ्ट घालू, सगळं एकदम लेथवर खरं करू."

पटलं. चार इंची पाइप, दोन्ही बाजूंना प्लेटा, मधून २५ मिलिमीटरचा शाफ्ट. सगळं वेल्डिंग झाल्यावरच शेवटचा काप घेतला, म्हणजे वेल्डिंगने आलेला वाक त्यात निघून गेला. रूळ भरला ११२ मिलिमीटर. दोन्ही टोकांना यूसीपी २०५ बेअरिंग. एक हॉर्सपॉवरची जुनी मोटार, १४४० फेरे, सारख्याच पुल्या. म्हणजे काचपेपरचा वेग मिनिटाला साधारण ५०० मीटर. पट्ट्यावर आणि रुळावर पत्र्याचं झाकण. याशिवाय मेस्त्री मशीन बाहेर सोडायलाच तयार नव्हते.

टेबल एका बाजूला बिजागरीवर आहे आणि दुसऱ्या बाजूला एम-१० चा स्क्रू. स्क्रूचा आटा दीड मिलिमीटरचा. रूळ बिजागरी आणि स्क्रूच्या बरोबर मध्यावर, त्यामुळे स्क्रूचा एक फेरा दिला की रुळाखाली टेबल पाऊण मिलिमीटर उचलतं. स्क्रूच्या चकतीवर पंधरा खुणा केल्या. एक खूण म्हणजे ०.०५. चारशे-पाचशे रुपयांच्या सामानात एवढं बारीक नियंत्रण मिळतं, हे मला अजूनही जादूसारखं वाटतं.

रूळ आणि टेबल समांतर करणं हे खरं काम. लाकडाचे दोन तुकडे घ्यायचे, एक डाव्या टोकाखालून, एक उजव्या टोकाखालून काढायचा आणि मायक्रोमीटरने मोजायचं. ज्या बाजूचा तुकडा पातळ निघेल त्या बाजूचं बेअरिंग किंचित उचलायचं. बेअरिंगखाली सरकवायला कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा बेस्ट, साधारण ०.१ मिलिमीटर जाड असतो. दोन-तीनदा हेच केलं की फरक मोजण्यापलीकडे जातो.

आता वापर. पट्टी नेहमी रुळाच्या फिरण्याविरुद्ध ढकलायची. उलट बाजूने दिली तर रूळ ती हातातून खेचून समोर फेकतो, म्हणजे धनुष्याआधी बाणच सुटला म्हणायचा. ढकलताना मधे थांबायचं नाही. थांबलात की तिथं खळगा पडतो, वर लाकूड जळतं ते वेगळंच. दोघं असले तर उत्तम. मी इकडून ढकलतो, भाची तिकडून एका चालीने ओढून घेते. एका वेळी दोन-तीन खुणांपेक्षा जास्त खायला द्यायचं नाही. आणि पट्टी दोन्ही बाजूंना पाच-पाच सेंटिमीटर लांब ठेवायची. टोकांना रूळ थोडं जास्त खातो, ते नंतर कापून टाकायचं.

मधली पट्टी टोकाकडे निमुळती हवी असते, मीटरला २ मिलिमीटर उतार. त्यासाठी वेगळं मशीन लागत नाही, उताराची फळी लागते. तीही याच मशीनवर होते. सरळ फळीच्या एका टोकाखाली २ मिलिमीटरची चकती, मध्यावर १ मिलिमीटरची (नाहीतर फळी मधे दबते), आणि वरची बाजू सपाट होईपर्यंत घासत राहायचं. झाली पाचर तयार. पुढे पट्टी तिच्यावर दुतर्फा टेपने चिकटवून रुळाखालून न्यायची.

काचपेपर ६० नंबरचा. २०० नंबरने आरशासारखं करायचा मोह होतो, पण इपॉक्सीला धरायला किंचित खरखर बरी. बांबूचा एक नियम मात्र पाळायचाच. त्याचे ताकदवान धागे बाहेरच्या सालीकडे दाट असतात. म्हणून पाठीच्या पट्टीची साल मशीनला दाखवायचीच नाही, फक्त आतली बाजू घासायची. आमच्या धनुष्याची पाठ कळकाची, पोट कळकाचं आणि मधे सागवान.

धुळीबद्दल एकच सांगतो. लाकडाच्या धुळीची गणना कर्करोगाला कारण ठरणाऱ्या पदार्थांत होते. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही, नीट बसणारा मास्क आणि रुळावरून धूळ ओढून घेणारा पाइप हवाच. भाची मास्कशिवाय आली तर मशीन बंद.

एवढं सगळं केल्यावर माझ्या हातात दोन सागवानी पट्ट्या आल्या. कुठंही मोजा, दोघींत ०.०३ पेक्षा जास्त फरक नाही. मग त्या ६० सेंटिमीटर अंतरावरच्या दोन टेकूंवर ठेवून मधे २०० ग्रॅमचं वजन टांगलं. एक १५ मिलिमीटर वाकली, दुसरी १८! जाडी सारखी, पण झाड वेगळं. मशीनने भूमिती दिली. सागवानाचं जे काही आहे ते सागवानाकडेच राहिलं. मी दुसरी एक फळी चिरून जोड जुळेपर्यंत पट्ट्या काढल्या. तीन वीकेंड गेले, पण हा वेळ कमी करायची माझी तयारी नव्हती.

चिकटवून, कापून, आकार दिल्यावर धनुष्य लगेच कुणाच्या हातात द्यायचं नसतं. ते भिंतीवर बसवलं, दोरीला लांब रस्सी बांधून पुलीवरून खोलीच्या दुसऱ्या टोकाला आणली आणि तिथून ओढत राहिलो. थोडं ओढायचं, दोन्ही पाती सारखी वाकतात का बघायचं, ताठ बाजू पोटाकडून हाताने घासायची, परत ओढायचं. तिच्या पूर्ण ताणापर्यंत पन्नास वेळा. स्प्रिंगच्या काट्यावर साडेदहा किलो, म्हणजे २३ पौंड. कुठंही कुरकुर नाही, गोंदाच्या रेषेत केसाएवढी फट नाही.

भाचीच्या प्रश्नाला माझ्याकडे हेच उत्तर आहे. 'तुटणार नाही' असं कोणताही प्रामाणिक माणूस सांगणार नाही. तुटायची जेवढी कारणं मोजता येतात तेवढी मोजली, आणि जी मोजता येत नाहीत त्यांच्यासाठी पन्नास वेळा लांब उभं राहून रस्सी ओढली.

मेस्त्रींना धनुष्य दाखवायला नेलं. त्यांनी पात्यावरून अंगठा फिरवला, दोरीला हातही लावला नाही. "मशीन खरं झालंय," एवढंच म्हणाले. उद्यमनगरात याहून मोठं सर्टिफिकेट मिळत नाही.

असो. मशीन आता आमच्या परसात आहे. कुणाला पट्ट्या घासायच्या असतील तर रविवारी सकाळी या. मास्क मात्र आपापला आणा.