चोळी आणि खाचर

माझी आई गेल्या आषाढात गेली. तरव्यातली रोपं वीतभर झाली होती. दारात माणसं बसून होती, तरी चौथ्या दिवशी भावकीतल्या बायका लावणीला गेल्या. तिला ते आवडलं असतं. पाऊस चालू असताना धडधाकट माणूस घरात बसलेलं तिला खपत नसे.

आमचं गाव वेल्ह्यापासून आत, तोरण्याच्या कुशीत. सरकारदरबारी तालुक्याचं नाव आता राजगड झालं, तिच्या तोंडी शेवटपर्यंत वेल्हंच राहिलं. तिचं माहेर भोर तालुक्यातलं, भाटघर धरणाच्या पाण्याच्या काठचं. १९२८ साली ते धरण पुरं झालं आणि तिच्या आज्याची वेळवंडी नदीकाठची खाचरं बुडाली. पाणी खाली बारामती-फलटणच्या अंगाला गेलं, माणसं वर मुरमाड माळावर सरकली. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की जुने बांध उघडे पडायचे. आज्जा तिला बोटाला धरून तिथं न्यायचा आणि सांगायचा, हे आपलं होतं. जमिनीला ती एवढी का धरून राहते, याचं उत्तर त्या बांधांवर होतं. मी ते शोधायला कधी गेलो नाही.

वडील मुंबईला गिरणीत होते. १९८२ चा संप झाला तेव्हा ते कायमचे गावी आले. तोवर सगळी शेती आईने एकटीने केली. राब भाजला, चिखलणी करून घेतली, लावणी, कापणी, झोडणी, सगळं तिचंच. पाठीवर इरलं घेऊन ती वाकली की बांधावरून फक्त पानांचं एक छप्पर सरकताना दिसायचं, आणि त्याच्याखालून तिचा आवाज यायचा, कुणाची ओळ वाकडी जातेय ते सांगणारा. उन्हाळ्यात करवंदं घेऊन चेलाडी फाट्यावर बसायची. एकदा एका गाडीवाल्याने द्रोण हातात धरून भाव पाडायला सुरुवात केली. तिने द्रोण काढून घेतला, करवंदं माझ्या ओंजळीत ओतली आणि म्हणाली, “खा.” तो माणूस बघत राहिला. मी सात-आठ वर्षांचा असेन. त्या करवंदांची चव अजून जिभेवर आहे. साठी उलटल्यावर, पदर खोचून ओढ्यात उतरून तिने माझ्या दोन्ही मुलींना पोहायला शिकवलं. पोरी घाबरून तिच्या गळ्यात पडल्या की ती त्यांचे हात सोडवायची आणि दोन पावलं मागं सरकायची.

या बाईशी मी चार वर्षं धड बोललो नव्हतो. ते सांगायलाच हे लिहायला बसलोय.

वडील १९९८ ला गेले. सात-बारावर वारस लागले: आई, मी, थोरली आक्का आणि धाकटी बहीण. पुढं पुण्याची माणसं फार्महाऊससाठी जागा बघत आमच्या रस्त्यापर्यंत आली आणि ज्या वरकस जमिनीत वरई-नाचणीशिवाय काही येत नव्हतं, तिला भाव आला. २००६ च्या दिवाळीत बहिणी माहेरी आल्या, तेव्हा भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मी त्यांना हक्कसोडपत्रावर सह्या करायला घेऊन गेलो. आदल्या दिवशी दोघींना भारी साड्या दिल्या होत्या. ९ सप्टेंबर २००५ पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मापासून मुलासारखाच हक्क मिळाला, हे मला ठाऊक होतं. वडिलांच्या स्वतःच्या वाट्यात तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापासूनच मुलींचा हिस्सा होता, हेही ठाऊक होतं. बहिणींना ते ठाऊक नव्हतं आणि मी सांगितलं नाही. सह्यांची घाई त्यासाठीच होती. आक्का तर वाचायलाही न थांबता सही करून मोकळी झाली.

आईने मात्र सही केली नाही. “माझं नाव काढायचं न्हाई,” एवढंच म्हणाली.

घरी आल्यावर मी तिच्यावर ओरडलो. बहिणींना जमिनीचा लोभ नसतो, असं माझं म्हणणं होतं, आणि पुराव्याला मी तिच्याच ओव्या पुढं केल्या. जात्यावर बसून ती आयुष्यभर भावा-बहिणीच्या ओव्या गात आलेली. त्यातली बहीण भावाकडे काय मागते? चोळी. फार तर लुगडं. मी म्हणालो, “तूच गातेस की.”

ती तांदूळ पाखडत होती. सूप खाली ठेवलं आणि म्हणाली, “चोळी मागती, कारण श्यात मागायची सोय नव्हती. मागितलं असतं तर चोळीबी मिळाली नसती.”

मला तेव्हा ते उलटं बोलणं वाटलं. म्हातारी पोरींना फितवतेय, घर फोडतेय, असं मी बायकोजवळ आणि भावकीत बोललो. पुढं तिने आपल्या हिश्श्याचं मृत्युपत्र दोघी लेकींच्या नावाने केलं, तेव्हा मी गावी जाणंच सोडलं. त्याआधी रस्त्याकडेचा तुकडा विकून पुण्यात फ्लॅट घेतला होता. त्या फ्लॅटमध्ये ती एकदाच येऊन राहिली, तीन दिवस.

हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या अभ्यासकांनी मुळशीच्या डोंगरापासून मराठवाड्यापर्यंतच्या बायांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्या एक लाखाच्या वर भरल्या. २०१७ पासून त्या ‘परी’ या संकेतस्थळावर ऐकायला मिळतात. मी त्या ऐकू लागलो ते निव्वळ आईचा आवाज आठवावा म्हणून. बोलणं बंद होतं ना. ऐकता ऐकता भावाच्या ओव्यांमधलं कौतुक सोडून दुसरंच कानावर पडू लागलं. दारात आलेल्या भावजयीचं तोंड बघून बोलणं, माहेरचा उंबरा चढताना बिचकणं. आई म्हणाली होती ती सोय-गैरसोय प्रत्येक गळ्यात होती.

तरी मी वळलो तो ओव्यांनी नाही. २०१९ च्या मे महिन्यात मुलींना घेऊन गावी गेलो. आईला वाचता येत नव्हतं, पण सात-बाराचा उतारा ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तांदळाच्या कणगीत ठेवायची. तो तिने काढला आणि दहावीतल्या नातीपुढं धरला. आपलं नाव कुठल्या ओळीत आहे ते तिला पाठ होतं. तिथं बोट ठेवून म्हणाली, “वाच.” पोरीने आजीचं नाव वाचलं, माझं वाचलं, आणि माझ्याकडं वळून विचारलं, “बाबा, आत्यांची नावं कुठंयत?”

आई काही बोलली नाही. बोट तिथंच होतं. नखात हळद होती.

मी पोरीला काय उत्तर दिलं ते इथं लिहिण्यासारखं नाही, खोटं होतं. रात्री ओट्यावर आईजवळ बसलो आणि म्हणालो, “आये, चुकलं माझं.” तिने विचारलं, “जेवलास का?”

नोंदवलेलं हक्कसोडपत्र सहजासहजी परत फिरत नाही आणि विकलेला तुकडाही येत नाही. माझ्या वाट्यातलं दोघींना बक्षीसपत्राने द्यायचं मी ठरवलं आहे. धाकटी तयार आहे. आक्का अजून नको म्हणते. “माझं माहेर राहू दे बाबा,” म्हणते. पूर्वी हे ऐकून माझा जीव भांड्यात पडायचा. ज्या भावाकडून घ्यायचं त्यालाच ती घाबरते, हे आता ऐकू येतं, आणि ती भीती मी घातलेली आहे.

यंदा आईच्या हिश्श्यातल्या दोन खाचरांत धाकटी स्वतः उतरली. आमच्याकडं सगळा इंद्रायणी असतो. तिने आंबेमोहोर लावला. मला विचारलं नाही.