मायनसमधलं देऊळ

लोणी भापकरला पोचलो तेव्हा ऊन कोवळं होतं. बारामती तालुक्यातलं हे गाव. यादवकालीन मल्लिकार्जुन मंदिर, त्यापुढे पुष्करणी आणि जवळच उघड्यावर उभा असलेला यज्ञवराह. एरवी वराहाला माणसाचं धड असतं. इथे तो चार पायांवर उभा, सरळ डुक्करच. पाठीवर दगडी झूल, आणि झुलीवर चिमुकल्या विष्णूंच्या रांगाच रांगा. ना काच, ना तिकीट, ना ‘हात लावू नये’ची पाटी. मी हात लावला. दगड अजून गार होता.

तिथून भिगवणमार्गे पळसदेव. वाटेत दोन्ही बाजूंना ऊस. या उसाचं पाणी आणि आम्ही जे पाहायला निघालो होतो ते देऊळ, या दोन्ही गोष्टी एकाच धरणाच्या पोटात आहेत. भीमेवरचं उजनी धरण १९८० साली पुरं झालं. फुगवट्याखाली गेलेल्या गावांत पळसदेवही होतं. धरणग्रस्त नव्या गावठाणात महामार्गालगत आले, जुनं पळसनाथाचं देऊळ मात्र पाण्यात राहिलं.

उजनीचा हिशेब निराळा. तळाचे सुमारे ६३ टीएमसी मृतसाठ्यात धरतात. पाणी त्याखाली उतरलं की टक्केवारी उणे होते. इकडे शेतकरी सरळ ‘मायनस’ म्हणतात. मे २०२४ मध्ये उजनी उणे चाळीसच्याही खाली होती, म्हणूनच आम्हाला देऊळ दिसलं. शेतकऱ्याचं वाईट वर्ष ते आमच्यासारख्यांचं चांगलं वर्ष, ही बोच होडीत बसल्यापासून सुटली नाही.

होडी चिलापी मासे धरणाऱ्याची. काठाशी उतरून भेगाळलेल्या गाळातून चालत गेलो. खालचं बांधकाम दगडी, शिखर मात्र विटांचं, भूमिज घडणीचं: छोट्या शिखरांच्या उभ्या माळा वर चढत गेलेल्या. इतकी वर्षं बुडून-उघडून विटा टिकल्या कशा, हे बघतच राहावं.

आवारात वीरगळ आणि सतीशिळा. वीरगळ खालून वर वाचायचा: तळाला पडलेला वीर, मग लढाई, मग त्याला वर नेणाऱ्या अप्सरा, सर्वांत वर शिवलिंगाची पूजा. सतीशिळेवर कोपरातून वाकलेला एक हात, मनगटात बांगड्या. बांगड्यांच्या खाचांत वाळलेला गाळ इतका घट्ट बसला होता की नखानेही निघेना. एका खाचेत पांढरा शिंपला अडकला होता. तो मी काढला नाही.

आमच्या फोटोंचा सोस होडीवाला लांबून बघत होता. परतताना म्हणाला, “आले का नीट? पाऊस बरा झाला तर श्रावणात इथं नुसतं पाणीच.” आणि वल्हं मारता मारता त्याने पश्चिमेला, जिथून भीमेचं पाणी येतं त्या अंगाला, एकदा पाहून घेतलं.